रायबोसोमची प्रथिने: स्थानांतर, कर्मांतर आणि आपले दावे

औषधाच्या माहितीपत्रकावर पूर्वी ग्रंथाधार, घटकद्रव्ये, मात्रा आणि अनुपान एवढा मजकूर पुरेसा समजला जाई. आता त्यात ‘पेशीच्या पातळीवर कार्य करते’, ‘पी-५३ हे कर्करोगरोधक प्रथिन वाढवते’, ‘धातुपोषणासाठी प्रथिननिर्मितीस चालना देते’ अशा वाक्यांची भर पडू लागली आहे. ही वाक्ये शास्त्रीय भासतात, आणि ती भासतात म्हणूनच त्यांना प्रतिप्रश्न विचारण्याची सवय आपल्या व्यवसायास फारशी लागलेली नाही. वास्तविक ज्या पेशीविज्ञानाचा आधार या वाक्यांना दिला जातो, ते विज्ञान गेल्या काही दशकांत अशा ठिकाणी येऊन पोहोचले आहे की, अमुक प्रथिन वाढले किंवा कमी झाले एवढ्या विधानाला तेथे स्वतंत्र अर्थच उरलेला नाही. रायबोसोममधील प्रथिनांचे उदाहरण घेऊन हा मुद्दा वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधनिर्मात्यांपुढे मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

कारखाना आणि त्याचे घटक

बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात आम्ही रायबोसोम शिकलो तो ‘पेशीतील प्रथिनांचा कारखाना’ या एका वाक्यात. ते वाक्य चुकीचे नव्हते. जॉर्ज पॅलेड यांनी १९५५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या या सूक्ष्म कणांचे कार्य पुढील काही वर्षांत निश्चित झाले. १९७४ साली पॅलेड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रायबोसोमची अणुपातळीवरील रचना उलगडल्याबद्दल २००९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल थॉमस स्टाइट्झ, अ‍ॅडा योनाथ आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन यांना विभागून देण्यात आले.

मानवी रायबोसोम एक लहान व एक मोठा अशा दोन खंडांचा असतो. त्यांत चार प्रकारचे आरएनए आणि सुमारे ८० प्रथिने असतात. लहान खंडात ३३ आणि मोठ्या खंडात ४७. लहान खंडातील प्रथिनांना ‘एस’ व मोठ्या खंडातील प्रथिनांना ‘एल’ हे अक्षर आणि पुढे क्रमांक लावण्याची पद्धत आहे. जसे एस-३, एल-११. रचनेच्या अभ्यासातून एक गोष्ट मात्र अनपेक्षितपणे पुढे आली. अमिनो आम्लांची साखळी जोडण्याचे प्रत्यक्ष काम मोठ्या खंडातील आरएनए करतो. तेथे प्रथिनांची भूमिका मुख्यत्वे रचना धरून ठेवण्याची आणि कार्य सुकर करण्याची आहे. मग एवढ्या मोठ्या संख्येने असलेली ही प्रथिने केवळ आधारस्तंभ म्हणूनच आहेत काय, हा प्रश्न स्वाभाविक होता.

त्याचे उत्तर तुकड्यातुकड्याने मिळत गेले. जिवाणूंच्या रायबोसोममधील एस-१ हे प्रथिन एका विषाणूच्या आरएनए-निर्मितीत सहभागी होते, हे १९७० च्या दशकातच आढळले होते. उंदीरवर्गीय प्राण्याचे यकृत कापून ते पुन्हा वाढू लागले असता एस-६ या प्रथिनावर फॉस्फेटचे गट बसतात, हे १९७४ साली दिसून आले. पेशीबाहेरून आलेला वाढीचा संदेश रायबोसोमपर्यंत पोहोचतो याची ती खूण होती. शिकागो विद्यापीठाचे आयरा वूल यांनी १९९६ साली अशा विखुरलेल्या निरीक्षणांचा एकत्र आढावा घेतला आणि ‘रायबोसोमबाहेरील कार्य’ ही कल्पना अभ्यासाचा स्वतंत्र विषय म्हणून मान्य होऊ लागली.

कारखान्याबाहेरची कामे

या विषयातील सर्वच उदाहरणे देण्याचे येथे प्रयोजन नाही. तीन उदाहरणे मात्र अशी आहेत की, त्यांवाचून पुढील चर्चा समजणार नाही.

पहिले उदाहरण एल-१३ए या प्रथिनाचे. शोथाच्या प्रक्रियेत गॅमा इंटरफेरॉन हा संदेश मिळाला की, मोनोसाइट या पांढऱ्या पेशी सेरुलोप्लाझ्मिन नावाचे ताम्रवाही प्रथिन तयार करू लागतात. सुमारे १६ तासांनी ही निर्मिती थांबते; विशेष म्हणजे त्या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए तेव्हाही पेशीत मुबलक असतो. हे कसे घडते याचा उलगडा अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे बरसनजित मजुमदार, पॉल फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली केला. एल-१३ए वर फॉस्फेट बसतो, ते मोठ्या खंडापासून विलग होते, अन्य प्रथिनांशी मिळून एक संकुल बनवते आणि त्या आरएनएच्या शेपटीला चिकटून त्याचे वाचन बंद पाडते. जो कामगार कारखान्यात उत्पादन चालवत होता, तोच बाहेर येऊन एका विशिष्ट मालाचे उत्पादन रोखतो! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मॅक्रोफेज पेशींतून हे प्रथिन काढून टाकलेले उंदीर जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या शोथास अधिक प्रमाणात बळी पडले. शोथ सुरू करण्याची यंत्रणा त्यांच्यात होती. तो वेळेवर आवरण्याची नव्हती.

दुसरे उदाहरण एस-३ चे. एनएफ-कप्पा-बी ही शोथ व व्याधिक्षमत्वाशी निगडित जनुके चालू करणारी प्रथिनांची जोडी सर्वपरिचित आहे. एस-३ हे प्रथिन केंद्रकात जाऊन या जोडीस मिळते आणि ठरावीक जनुकांवर तिची पकड घट्ट करते, हे फेंगयी वान, मायकेल लेनार्डो व सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले. पुढे २०११ साली असे स्पष्ट झाले की, रक्तमिश्रित अतिसार घडवणारा ई. कोलाय ओ-१५७ हा जिवाणू आपले एक प्रथिन आतड्याच्या पेशीत सोडतो आणि एस-३ वर बसणारा फॉस्फेट अडवतो. त्यामुळे एस-३ केंद्रकात पोहोचत नाही आणि पेशीची प्रतिक्रिया मंदावते. जिवाणूस जी गोष्ट अडवावीशी वाटते, ती शरीराच्या दृष्टीने महत्त्वाची असलीच पाहिजे.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे. पी-५३ हे पेशीतील दक्ष पहारेकरी. जनुकद्रव्याची हानी झाल्यास पेशीचे विभाजन थांबवणे, अथवा ती पेशी नष्ट करणे, हे त्याचे कार्य. स्वस्थ पेशीत एमडीएम-२ हे प्रथिन पी-५३ वर ‘नष्ट करा’ अशी खूण लावत राहते आणि त्याचे प्रमाण अल्प ठेवते. रायबोसोमची जुळणी केंद्रकातील केंद्रिकेत होते. या जुळणीत बिघाड झाला की, एल-५ आणि एल-११ ही प्रथिने एका लहान आरएनएसह न वापरलेली शिल्लक राहतात आणि एमडीएम-२ ला जाऊन चिकटतात. एमडीएम-२ चे हात बांधले गेले की पी-५३ वाढते आणि पेशी थांबते. एल-५ व एमडीएम-२ यांचा संबंध १९९४ साली, तर एल-११ चा २००३ साली सिद्ध झाला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एमडीएम-२ मधील केवळ एक अमिनो आम्ल बदलून उंदरांत एल-११ शी होणारी ही जोडणी तोडण्यात आली. जनुकद्रव्याच्या हानीस त्या उंदरांचे पी-५३ पूर्वीप्रमाणेच प्रतिसाद देत होते. परंतु कर्करोगकारी मिक जनुक लादले असता त्यांच्यात लसिकापेशींचा कर्करोग अधिक वेगाने उद्भवला. म्हणजे कारखान्याच्या उभारणीतील बिघाडाची वार्ता पहारेकऱ्यापर्यंत पोहोचवणे, हे या प्रथिनांचे खरेखुरे कार्य आहे.

चरकोक्त सहा प्रश्न

हे वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात पंचवायूंची आठवण येईल. एकच वायू, परंतु स्थानभेदाने प्राण, उदान, समान, व्यान, अपान. आणि स्थानानुसार कर्मही भिन्न. ही आठवण येणे स्वाभाविक आहे, परंतु तेथून पुढे ‘चरकाचार्यांना रायबोसोम ठाऊक होता’ किंवा ‘रायबोसोम म्हणजेच धात्वग्नी’ अशी उडी घेणे आम्हांस सर्वथा अमान्य आहे. अशा समीकरणांनी आधुनिक शास्त्र समजत नाही आणि आयुर्वेदाची प्रतिष्ठाही वाढत नाही. ज्या दिवशी त्या विज्ञानातील सिद्धान्त बदलेल, त्या दिवशी आपले समीकरणही त्याबरोबर कोसळेल.

संहितेकडून घ्यावयाची ती विचारपद्धती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील आत्रेयभद्रकाप्यीय अध्यायात द्रव्याच्या क्रियेचा विचार कर्म, वीर्य, अधिकरण, काल, उपाय आणि फल या सहा अंगांनी केलेला आहे. आपण सर्वांनी तो पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि बहुतांशी तेथेच सोडून दिला. एल-१३ए चे वरील वर्णन याच सहा प्रश्नांना लावून पाहावे. कर्म कोणते? विशिष्ट प्रथिनाची निर्मिती रोखणे. कोणत्या सामर्थ्याने? फॉस्फेट बसल्यामुळे. अधिकरण कोणते? रायबोसोमच्या बाहेर. काल कोणता? संदेशानंतर सुमारे १६ तास. उपाय कोणता? अन्य प्रथिनांसह आरएनएच्या शेपटीस बांधले जाणे. फल काय? शोथाचे नियमन. या सहांपैकी एकही उत्तर गाळले, तर उरलेले विधान अपुरे राहत नाही; ते दिशाभूल करणारे होते. अधिकरण गाळले, तर ‘एल-१३ए प्रथिननिर्मितीत भाग घेते’ हेही खरे आणि ‘एल-१३ए प्रथिननिर्मिती थांबवते’ हेही खरे!

पाश्चात्त्य संशोधकांनाही हीच शिस्त स्वतःस लावून घ्यावी लागली. रायबोसोमची प्रथिने पेशीत विपुल असतात, त्यांपैकी बहुतेक धनभारित असतात, आणि आरएनएला चिकटणे हा त्यांचा स्वभाव असतो. त्यामुळे परीक्षानळीत ती कशालाही चिकटलेली सापडतात आणि प्रत्येक वेळी ‘नवे कार्य सापडले’ असे वाटू लागते. न्यूयॉर्कमधील जोनाथन वॉर्नर आणि केरी मॅकिंटॉश यांनी २००९ साली या उत्साहास लगाम घातला. रायबोसोमबाहेरील कार्य मान्य करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात, असे त्यांनी सुचवले: रायबोसोमखेरीज अन्य घटकाशी त्या प्रथिनाचा विशिष्ट संबंध आहे काय, त्या संबंधाचा जिवंत पेशीवर प्रत्यक्ष परिणाम होतो काय, आणि ही घटना खरोखर रायबोसोमपासून दूर घडते काय. या निकषांवर उतरणारी उदाहरणे त्यांना मोजकीच आढळली. स्वतःच्या क्षेत्रातील उत्साहास स्वतःच कसोटी लावण्याची ही वृत्ती आम्हांस त्या शोधांइतकीच मोलाची वाटते.

पी-५३ वाढणे हा गुण की दोष?

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या दाव्याकडे वळू. ‘आमच्या कल्पाच्या अर्काने कर्करोगाच्या पेशींत पी-५३ वाढले’ हे विधान अनेक प्रयोगशाळांच्या बाबतीत अक्षरशः खरे असू शकेल. प्रश्न त्याच्या अर्थाचा आहे.

अ‍ॅक्टिनोमायसिन-डी हे औषध अल्प मात्रेत रायबोसोमच्या आरएनएची निर्मिती थांबवते. जुळणी बिघडते, एल-५ व एल-११ मोकळी होतात आणि पी-५३ वाढते. ५-फ्लुरोयुरॅसिल या औषधाच्या बाबतीतही हा मार्ग दाखवला गेला आहे, आणि ऑक्झॅलिप्लॅटिनचा पेशीनाशक परिणाम मुख्यत्वे रायबोसोमच्या जुळणीतील बिघाडातून होतो, असे २०१७ साली दाखवण्यात आले. ही सर्व उपयुक्त औषधे आहेत, परंतु ती पेशीविषेही आहेत. ती मात्रा मोजून, रक्ततपासण्या करून, दुष्परिणामांची तयारी ठेवून दिली जातात. तात्पर्य असे की, पी-५३ वाढणे हे पुष्कळदा पेशीच्या कारखान्याला इजा झाल्याचे लक्षण असते. वनस्पतीचा तीव्र अर्क काचपात्रातील पेशींवर ओतला आणि पी-५३ वाढले, तर आपण रसायन शोधले की पेशीला विषबाधा केली, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. त्यात आपल्या अनेक द्रव्यांत कषाय रसाबरोबर टॅनिन विपुल असते आणि टॅनिन प्रथिनांना सरसकट साखळते, हे लक्षात घेतले तर अशा प्रयोगांचा अर्थ लावताना किती सावध राहावे लागेल, हे वेगळे सांगणे नलगे.

मापनाविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जनुकांच्या अभिव्यक्तीचे प्रमाण मोजताना तुलनेसाठी ‘न बदलणारे’ म्हणून ज्या जनुकांचा आधार घेतला जातो, त्यांत एल-१३ए चे जनुक अनेक प्रयोगशाळा वापरतात. ज्या प्रथिनाने आपले संपूर्ण कार्य बदलले, त्याचा आरएनए प्रमाणाने स्थिर राहू शकतो. म्हणून ‘वाढले’ आणि ‘घटले’ या दोन शब्दांवर उभा केलेला दावा पायाशीच कच्चा असतो. प्रमाणाइतकेच अवस्था व स्थान महत्त्वाचे. साम आणि निराम, स्वस्थानगत आणि परस्थानगत हे भेद ज्यांच्या नित्य विचारात आहेत, त्या वैद्यवर्गाला हे समजण्यास अवघड जाऊ नये.

चिकित्सालयातील प्रश्न

हा सर्व विषय प्रयोगशाळेपुरता असता, तर त्रैमासिकाची पाने आम्ही त्यासाठी अडवली नसती. परंतु पांडुरोगाने पीडित अर्भक जेव्हा आपल्यापुढे आणले जाते, तेव्हा हा विषय चिकित्सालयात येऊन पोहोचलेला असतो.

डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया हा विकार दुर्मिळ आहे. दहा लक्ष जिवंत जन्मांमागे सुमारे ५ ते ७ बालकांत तो आढळतो. बहुसंख्य बालकांत तो पहिल्याच वर्षात व्यक्त होतो. पांढऱ्या पेशी व बिंबाणू साधारणपणे ठीक, परंतु अस्थिमज्जेत तांबड्या पेशींची पूर्वरूपे जवळजवळ नाहीत, असे त्याचे स्वरूप असते. तांबड्या पेशींचा आकार मोठा आणि रेटिक्युलोसाइटची संख्या अत्यल्प. सुमारे निम्म्या बालकांत अंगठ्याची विकृती, दुभंगलेला टाळू, हृदयदोष किंवा खुजेपणा यांपैकी काही आढळते. १९९९ साली या विकाराचे पहिले कारण सापडले, ते म्हणजे रायबोसोममधील एस-१९ या प्रथिनाच्या जनुकातील दोष. सुमारे चतुर्थांश रुग्णांत हा दोष असतो. त्यानंतर रायबोसोम-प्रथिनांची विसाहून अधिक जनुके या विकाराशी जोडली गेली, आणि त्यांत वर उल्लेखिलेली एल-५ व एल-११ ही देखील आहेत. आपल्या परिभाषेत अशा व्याधीचे स्थान सुश्रुतोक्त आदिबलप्रवृत्त वर्गात येईल. आहारदोषजन्य पांडूत नव्हे.

तांबड्या पेशीच का मरतात, यास दोन कारणे पुढे आलेली आहेत. रायबोसोमची संख्या घटल्याने रक्तनिर्मितीस आवश्यक अशा काही प्रथिनांची, विशेषतः गाटा-१ ची, निर्मिती पुरेशी होत नाही; हे एक. आणि जुळणीतील बिघाडाची वार्ता पी-५३ पर्यंत पोहोचून ते पूर्वपेशींना थांबवते व नष्ट करते; हे दुसरे. प्रौढ वयात, विशेषतः वृद्ध स्त्रियांत आढळणाऱ्या ‘५-क्यू न्यूनता’ विकारातही २००८ साली एस-१४ या प्रथिनाचा संबंध उघड झाला, आणि २०१० साली त्याची प्रतिकृती असलेल्या उंदरांत पी-५३ काढून टाकताच रक्ताच्या पूर्वपेशी सुधारल्या.

येथे थांबून विचार करावा. जे पी-५३ वाढवणे माहितीपत्रकावर गुण म्हणून मिरवले जाते, तेच पी-५३ वाढणे या बालकाच्या अस्थिमज्जेत व्याधीचा हेतू आहे. प्रथिन तेच, मार्ग तोच. अधिकरण बदलले आणि फल विपरीत झाले.

व्यवहारातील धोका याहूनही सरळ आहे. पांडू म्हटले की नवायस लोह, पुनर्नवा मंडूर, धात्री लोह यांकडे हात जातो. योग्य रुग्णात ते योग्यच आहे. परंतु डायमंड-ब्लॅकफॅनच्या बालकात लोहाची न्यूनता हे कारणच नसते. त्याच्यावरील रूढ उपचार म्हणजे स्टेरॉइड, रक्तसंक्रमण आणि निवडक रुग्णांत अस्थिमज्जा प्रत्यारोपण. वारंवार रक्त चढवल्याने अशा बालकाच्या यकृतात व हृदयात लोह साचत जाते आणि ते बाहेर काढण्यासाठी वेगळी औषधे द्यावी लागतात. एका बाजूने लोह काढण्याचे उपचार चालू असताना दुसऱ्या बाजूने आपण श्रद्धेने लोहकल्प देत राहिलो, तर अपाय निश्चित आहे. पालक दोन्हीकडची औषधे चालू ठेवतात आणि अनेकदा एकीकडचे दुसरीकडे सांगत नाहीत, हा अनुभव कोणा वैद्यास नाही? म्हणून एक वर्षाच्या आतील पांडुरोगी बालकास लोहकल्प देण्यापूर्वी संपूर्ण रक्तगणना, तांबड्या पेशींचा सरासरी आकार, रेटिक्युलोसाइट आणि फेरिटिन पाहावे, यापूर्वी रक्त चढवले आहे काय हे विचारावे, आणि पेशी मोठ्या व रेटिक्युलोसाइट अत्यल्प असतील तर विनाविलंब रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवावे, असे आमचे आग्रहाचे मत आहे. साध्यासाध्य विचार हा आपल्या शास्त्राचा कणा आहे. रुग्ण पाठवण्यात कमीपणा नाही.

कर्करोगाच्या रुग्णांबाबतही हेच तारतम्य हवे. ५-फ्लुरोयुरॅसिल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन चालू असलेला रुग्ण बलवर्धनार्थ औषध मागतो. त्याला धीर देणे, अग्नी सांभाळणे, पथ्य सांगणे हे आपले कर्तव्य आहेच. मात्र केमोथेरपीने ज्या मार्गावर आघात केला जात आहे, त्याच मार्गावर आपला कल्पही कार्य करतो असा दावा जर आपण करत असू, तर दोन्ही एकत्र दिल्याने काय घडेल, हा प्रश्न प्रथम आपणच विचारला पाहिजे. दावा विक्रीच्या वेळी खरा आणि सुरक्षिततेच्या वेळी गैरलागू, असे होऊ शकत नाही. दिलेले प्रत्येक औषध कर्करोगतज्ज्ञास लेखी कळवावे.

औषधनिर्मात्यांस विनंती

आमचे काही औषधनिर्माते मित्र म्हणतात, “बाजारात टिकायचे तर आजची भाषा बोलावीच लागते.” त्यांची अडचण आम्ही जाणतो. कच्च्या मालाचे वाढते भाव, तपासण्यांचा खर्च आणि मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती यांपुढे लहान फार्मसीची दमछाक होते. परंतु भाषा बोलायची तर तिचे व्याकरणही पाळावे लागते. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे, हे सर्वजण जाणतात. ‘पी-५३ वाढवते’ हे वाक्य म्हणजे तोच दावा मागील दाराने करणे होय.

ज्यांना खरोखर संशोधन करावयाचे आहे, त्यांनी प्रयोगशाळेस पैसे देण्यापूर्वी काही प्रश्न लेखी विचारावेत. वापरलेले द्रव्य कोणते, कोणत्या तुकडीचे, आणि त्याची ओळख कोणी पटवली? काचपात्रातील तीव्रता मुखावाटे दिलेल्या मात्रेने रक्तात येणे शक्य तरी आहे काय? कर्करोगाच्या पेशींबरोबर स्वस्थ पेशींवरही तोच प्रयोग झाला काय? पी-५३ वाढले असल्यास ते जनुकद्रव्याच्या हानीमुळे, की रायबोसोमच्या जुळणीतील बिघाडामुळे? केंद्रिकेची रचना अबाधित राहिली काय? एल-५ व एल-११ चा एमडीएम-२ शी संबंध वाढला काय? ही उत्तरे प्रतिकूल आली तरी ती फुकट जात नाहीत. कोणता कल्प कोणत्या रुग्णास देऊ नये, हे त्यातून कळते. आमच्या मते अशी एक प्रामाणिक ‘देऊ नये’ ही सूचना दहा चकचकीत माहितीपत्रकांहून फार्मसीचा विश्वास अधिक वाढवील.

“आयुर्वेदाला रायबोसोमशी काय कर्तव्य?” असेही काही ज्येष्ठ विचारतील. त्यांचा प्रश्न आम्ही आदराने घेतो. आपली चिकित्सा दोष, दूष्य, अग्नी, देश, काल यांच्या आधारे चालते आणि तशीच चालावी. त्यासाठी रायबोसोमची साक्ष काढण्याची गरज नाही. परंतु रुग्णाच्या पिशवीत त्याच्या तपासण्यांचे कागद असतात, त्याच्या शरीरात अन्य औषधे असतात आणि आपल्याच कल्पाच्या वेष्टनावर पेशीविज्ञानाची भाषा छापलेली असते. यांपैकी कोणतीही गोष्ट आपण नाकारू शकत नाही. ज्या भाषेत आपण दावा करतो, त्या भाषेत उत्तर देण्याची जबाबदारी आपलीच आहे.

म्हणून पुढील वेळी औषध कंपनीचा प्रतिनिधी असे माहितीपत्रक पुढे ठेवील, तेव्हा वैद्यांनी त्यास सहा प्रश्न विचारावेत: कर्म कोणते, कोणत्या वीर्याने, कोठे, केव्हा, कसे, आणि फल काय? उत्तरे मिळाली तर नोंदवून ठेवावीत. न मिळाल्यास ते माहितीपत्रक परत द्यावे आणि औषधाचा विचार ग्रंथोक्त गुणधर्मांवर व आपल्या अनुभवावर करावा. फार्मसीच्या मालकांनी हेच प्रश्न छपाईपूर्वी स्वतःस विचारले, तर प्रतिनिधीवर निरुत्तर होण्याची वेळ येणार नाही.